जांभळीखालच्या पेट्या भिमाजीच्या

रामहरी, चष्मा कपाळावर आहे. तो खाली घे, मग वाच. कागद कुठे ठेवलास हेही विसरशील, म्हणून दुसरी प्रत यशोधराबाईंकडे आहे.

मी, रंगुबाई कारभारी बांडे, वय ऐंशीच्या आसपास, राहणार हिरडेवाडी, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र सांगत आहे. मला अक्षर येत नाही. लिहीत आहेत अंगणवाडीच्या यशोधराबाई. मी ‘न्हाई’ म्हणते, त्या ‘नाही’ लिहितात. अर्थ तोच धरावा.

राहतं घर रामहरी आणि भिमाजी या माझ्या दोन मुलांना निम्मं निम्मं. रस्त्याकडेचं शेत रामहरीला. काजवे बघायला येणाऱ्यांसाठी त्याने तिथे खुशाल तंबू ठोकावेत.

जांभळीखालची जागा आणि तिथल्या सगळ्या मधपेट्या मात्र भिमाजीला. रामहरी लगेच म्हणेल, “आये, त्याला कुठं ऐकू येतंय? पेटी काय बोलती ते त्याला काय कळनार?” बाळा, माशीला तरी कुठे आपल्यासारखे कान आहेत? पोळं थरथरतं ते ती पायांनी ऐकते. भिमाजीचे कान लहानपणी गोवरात गेले, तळहात शाबूत आहेत. मागच्या थंडीत मी पेटीला कान लावून “बरं चाललंय” म्हटलं. त्याने पेटीवर हात टेकवला आणि नकाराची मान हलवली. उघडली तर राणीमाशी नव्हती, माश्या नुसत्या घुमत होत्या. तेव्हापासून माझा कान रिटायर आहे.

जांभळीखाली तंबू नको आणि स्पीकर तर मुळीच नको. त्या दणदणाटात माश्यांचं आपसातलं बोलणं बुडतं. भिमाजीच्या वतीने रामहरीने कोणाशी सौदा ठरवू नये. हो की नाही, ते भिमाजीला हाताने सांगता येतं.

मधाच्या शिबिरात एक गोष्ट ऐकली ती मला फार पटली. फुलांची बातमी आणलेली माशी नाचत असते, पण तिकडे धोका असला तर दुसरी येऊन तिला डोक्याने ढुशी देते, बारीक आवाज करते, की ती थांबते. रामहरी नवे बेत सांगत नाचू लागला की अशी ढुशी द्यायचा हक्क मी त्याच्या बायकोला, सून रेश्मा हिला देते. आजवर तो माझ्याकडे होता आणि मी तो पडून राहू दिला नाही.

मध गाळायचं माझं फडकं शेजारीण बनाबाईला हवं आहे. साक्षीदाराला काही देऊ नये असं यशोधराबाई म्हणतात. म्हणूनच तिला साक्षीदार केली.

वाचून दाखवलं, ऐकलं, पटलं.

रंगुबाई कारभारी बांडे (अंगठा)
साक्षीदार: बनाबाई श्रीमंत घोडे (सही, नाक मुरडून), जालिंदर कानिफनाथ साबळे (सही)
ठिकाण: हिरडेवाडी. दिनांक: १२ जानेवारी २०२५

अंगठा दिल्यावर सुचलं, तेही लिहून घेतलं, दुसरा अंगठा शेजारी आहे: मधाच्या दिवसांत भिमाजी जेवायला घरी येत नाही, आणि हाका मारून उपयोग नाही. रामहरीने स्वतः डबा न्यावा. नागलीच्या भाकरी, खुरसणीची चटणी, गुळाचा खडा. केळं नको, त्या वासाने माश्या खवळतात. डबा दोघांचा भरावा, आणि तिथेच बसून जेवून यावं.