टपालवालीचं पुढे काय झालं

३ मार्च, सोमवार
रेडिओ बोलत नाही! सकाळपासून तिसऱ्यांदा कळ फिरवली.

ह्यांना जाऊन सहा आठवडे झाले. रडू काही आलं नाही. शेजारीण म्हणते, "मोकळी हो गं." काय मोकळी होऊ? आत काही भरलेलंच नाही. रिकाम्या पिंपासारखी बसून असते.

मला फक्त टपालवालीचं पुढे काय झालं ते हवंय. रेडिओचा बाहेरचा आवाज कधीच गेलेला, म्हणून रोज सहाला हे त्याचं बटण कानात घालायचे, आणि ऐकून झालं की मला गोष्ट सांगायचे. एरवी ह्यांचं बोलणं हो-नाही एवढंच. गोष्ट मात्र रंगवून! पत्ता नसलेलं पत्र घेऊन दारोदार फिरणारी टपालवाली. घरातून निघाली की कुलूप लागलं का बघायला दोनदा मागे येते. मी हसायचे — कसली वेंधळी बाई! हेही हसायचे. आता ती निळ्या दारापाशी उभी आहे. वाजवायला हात उचललाय. तिथेच राहिली बिचारी.

५ मार्च
बटण माझ्या कानात घालून पाहिलं. काही नाही. कान दुखला.

७ मार्च, शुक्रवार
नातीने — आमच्या चिमणीने — रेडिओचा फोटो जुन्या वस्तू घेणाऱ्याला पाठवला. तो म्हणे चामड्याचं कव्हर शाबूत आहे, कळा मूळच्या आहेत, भाव चांगला देतो. चिमणी नाचायलाच लागली. "आजी, तुझ्या गुडघ्यांचं काम होईल!" माझे गुडघे म्हणजे हिला गळका नळ वाटतो.

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. टेबलावर एवढे स्क्रू, पण चहाचा कप ठेवायला जागा केलेली. रेडिओ न उघडताच त्याने विचारलं, "विकायचा की ऐकायचा?"
"म्हणजे?"
"विकायचा तर आतलं काही बदलायचं नाही, भाव पडतो. ऐकायचा तर बदलावं लागेल."
मी म्हटलं, "ऐकायचा!" चिमणीने कपाळावर हात मारला. मग त्याला टपालवालीची सगळी गोष्ट सांगितली. "आजी, मध्ये श्वास घ्या," म्हणाला.

११ मार्च, मंगळवार
मागचं झाकण माझ्यासमोर काढलं. सेल फुटून सगळीकडे हिरवं-पांढरं साचलेलं. कानातल्या बटणाची तार आतून तुटलेली, टोकावर गंज. सेलवरची तारीख त्याने भिंगातून वाचली. नऊ वर्षांपूर्वीची.

"आजी, हा कित्येक वर्षं मुका आहे. ह्यात कुणी काही ऐकलेलं नाही."
"अहो, असं कसं? टपालवाली दोन वर्षांपूर्वी सुरू झाली!"
त्याने भिंग खाली ठेवलं. चिमणी माझ्याकडे बघत राहिली.
"नवीन तार घालू?"
"नको. झाकण लावा."
घरी येऊन भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

१२ मार्च
भाजी आणायला निघाले. कुलूप लागलं का बघायला मागे आले. जिना उतरले, पुन्हा मागे आले. कुलपावरचा हात तिथेच राहिला. पायरीवर बसले आणि रडले — पोटभर! मध्येच हसूसुद्धा. लबाड माणूस!

१३ मार्च
सहा वाजता बटण कानात घातलं. चिमणीला समोर बसवलं. म्हटलं, "ऐक. टपालवालीने दार वाजवलं."