निवेदनाच्या एकोणीस आवृत्त्या

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. ठराव तीन. रोज लिहायचं, खरं लिहायचं, नऊच्या ठोक्याला ऑफिसात असायचं. तिसरा उद्यापासून.

ऑफिसात नुसता गोंधळ. आमचं सॉफ्टवेअर दातांचे दवाखाने वापरतात. पेशंटला आदल्या संध्याकाळी सहाला मेसेज जातो: उद्या तुमची अपॉइंटमेंट आहे, विसरू नका. शुक्रवारपासून हा मेसेज आदल्या दिवशी न जाता त्याच दिवशी जातोय. शुक्रवारचे पेशंट शनिवारी हजर. शनिवारचे रविवारी आले आणि दवाखाना बंद दिसल्यावर डॉक्टरांच्या घरची बेल वाजवत बसले. आज सकाळपासून त्रेचाळीस डॉक्टरांचे फोन. एकाच्या बाकावर रविवारी परत गेलेले अकरा जण गाल धरून बसलेत म्हणे.

कारण कोणालाच सापडत नाही. मला थोडा अंदाज आहे. पण खात्री असल्याशिवाय बोलू नये.

मंगळवार, ४ मार्च
खात्री झाली.

मॅडमनी, म्हणजे आमच्या बॉसनी, नवीन टूल आणलंय. काळ्या खिडकीत फाइलचं नाव टाईप केलं की तिचा सगळा इतिहास समोर. डावा बाण दाबला की आधीचं रूप, उजवा दाबला की नंतरचं. प्रत्येक रूपाच्या डोक्यावर कोणी, कधी, काय लिहून बदल केला ते. आमच्या चुका शोधणाऱ्या टेस्टरबाईंनी त्याचं नाव लगेच चहाडखोर ठेवलं.

चहाडखोराने सात बाणांत ओळ शोधली. 'किती दिवस आधी' तिथे १ होता, त्याचा ० झालाय. गुरुवार, दुपारी १:१०. शेरा: टेस्टसाठी, नंतर काढतो. नाव: मास्तरांचं.

मास्तर म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे. वय चोपन्न. आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, मला आठवत तर नाही. एक वाजता मी खाली जेवायला असतो. पण नाव माझं आहे, मशीन कशाला खोटं बोलेल? उशिरा जेवलो असेन.

ते एक वाजताच जेवायला गेले होते. मला माहीत आहे, कारण तेव्हा त्यांच्या खुर्चीत मी होतो.

खरं लिहायचा ठराव आहे म्हणून लिहितो. माझं मशीन अपडेट घेत एक्केचाळीस टक्क्यांवर अडकलं होतं. मास्तर उठताना स्क्रीन कधी लॉक करत नाहीत. घरातल्या घरात कसलं कुलूप, म्हणतात. टेस्टचा मेसेज, जो सहाची वाट बघत नाही, माझ्या फोनवर लगेच यावा म्हणून मी १ चा ० केला. आला. मग माझं दुसरं काम पुढे पाठवताना तो शून्यही सोबत गेला, कारण सगळं एकदम उचलून पाठवायची माझी पद्धत. काय पाठवतोयस ते बघून पाठवत जा, असं मास्तरांनीच मला चारदा सांगितलंय.

वड्याचं तेल वांग्यावर गेलं. उद्या अकरा वाजता मॅडमना सांगणार. नक्की.

बुधवार, ५ मार्च
अकराला मॅडम फोनवर. सव्वाअकराला फोन ठेवला, पण चेहरा फोनवरचाच. अशा वेळी सांगणं म्हणजे त्यांच्यावरच अन्याय.

विचारांती ठरलं की तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरं. लेखी निवेदन. ११:२० ला लिहूनसुद्धा काढलं: 'ती ओळ मी बदलली. मास्तरांच्या मशीनवरून. मास्तरांची काहीही चूक नाही.' तीन वाक्यं. लिहिल्यावर छातीवरचा धोंडाच उतरला.

प्रोफेशनल माणूस असल्यामुळे फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवली, माझ्या वेगळ्या ब्रँचवर. म्हणजे जुना मसुदा हरवत नाही, आणि मी पुढे पाठवत नाही तोवर कोणाला दिसतही नाही. जेवणानंतर मेल करायचं.

जेवणानंतर वाचलं तर फार तुटक वाटलं. मॅडमना वाटेल मी रागावून लिहिलंय. आवृत्ती २ मध्ये पार्श्वभूमी घातली. आवृत्ती ३ मध्ये माझं मशीन एक्केचाळीस टक्क्यांवर होतं, हे. वाचणाऱ्याला सगळं चित्र दिसायला नको?

गुरुवार, ६ मार्च
मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की इथून पुढे मास्तरांचा प्रत्येक बदल आधी कोणीतरी तपासणार. कोणीतरी म्हणजे मी.

मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, बरं झालं, तूच आहेस ते. परकं कोणी असतं तर लाज वाटली असती.

त्यानंतर अर्धा तास जिन्यात उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर येऊन तडक निवेदन उघडलं. 'ती ओळ मी बदलली' हे वाक्य जरा मी-मी करणारं वाटतं. आवृत्ती ६ मध्ये 'ती ओळ माझ्याकडून बदलली गेली'. हे जास्त नम्र आहे.

शनिवार, ८ मार्च
सुट्टी. जेवण जात नाही. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, माणसाची मान बघून त्याचं दुखणं ओळखते. काय झालंय विचारत होती. मी सांगितलं की माझ्या एका मित्राने ऑफिसात चूक केली आणि ती दुसऱ्याच्या नावावर गेली, आता त्या मित्राने काय करावं?

तिने भाजी ढवळत विचारलं की तो दुसरा माणूस कोण. म्हटलं, आहेत एक मास्तर. ती म्हणाली, त्या मित्राला सांग, सोमवारी सकाळी चप्पल काढायच्या आधी मास्तरांना सांग आणि मोकळा हो. मी म्हटलं, त्याला सांगतो. मग तिने विचारलं, तुझा मित्र पोळी घेणार आहे का अजून एक?

तिला सगळं कळतं असा तिचा समज आहे.

सोमवार, १० मार्च
ऑफिसात आम्ही बूट घालतो आणि ते काढत नाही, त्यामुळे बायकोचा सल्ला तांत्रिकदृष्ट्या लागू होत नाही.

मास्तरांच्या खिशात एक छोटी वही आलीये. प्रत्येक गोष्ट करून झाली की तिच्यात लिहितात. फाइल उघडली. फाइल बंद केली. पाणी प्यायलो. मी विचारलं, हे काय? तर हसले आणि म्हणाले, हल्ली डोक्याचा भरवसा नाही रे. केलेलं काम साफ पुसलं जातं म्हणजे काय? माझ्या वडलांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी मला साहेब म्हणायचे.

उद्या डॉक्टरकडे जाणार आहेत. मुलीने गाडीची किल्ली काढून घेतलीये.

मला तिथल्या तिथे सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माणूस वडलांविषयी बोलत असताना मध्ये आपलं काढणं बरं दिसत नाही. त्याऐवजी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी वहीत लिहिलं: चहा, ४:०५.

निवेदन आवृत्ती ११. 'मास्तरांची काहीही चूक नाही' यातलं 'काहीही' काढलं. अतिशयोक्ती टाळावी.

मंगळवार, ११ मार्च
मास्तर रजेवर. शेजारची खुर्ची रिकामी. दिवसभर तिच्याकडे न बघण्याचं काम केलं, दुसरं काही झालं नाही.

इतिहास बदलायची कमांड असते. मला येते. मास्तरांचं नाव पुसून तिथे माझं घालता येईल, आणि कोणाशी एक शब्द बोलावा लागणार नाही. पण तसं केलं की सगळ्यांची मशीनं बोंबलतात आणि सगळे विचारत येतात की हे कोणी केलं.

ठराव: मास्तर परत आले की त्यांना आपली खिडकीजवळची खुर्ची द्यायची.

बुधवार, १२ मार्च
खुर्ची दिली. मास्तर सद्गदित. वहीत लिहिलं.

डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करत मागे जायला सांगितलं म्हणे. गणिताच्या माणसाला! मास्तर म्हणाले, पासष्टला घाबरून गेलो, अठ्ठावन्न येत होतं पण बरोबर आहे का कळेना. औषध काही नाही, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. घरी बायको ते झोपेपर्यंत झोपत नाही.

संध्याकाळी मॅडमनी बोलावलं. वर्षभरापासून टीमलीड मास्तर होणार असं ठरलेलं. आता या परिस्थितीत ते नको. मी होणार. शुक्रवारी जाहीर करतील. आणि त्याआधी मी सगळ्यांना चहाडखोराचा डेमो द्यायचा.

मी नाही म्हणणार होतो. शपथ. पण मग विचार केला की आज मी साधा माणूस आहे, माझ्या निवेदनाला वजन काय? लीड झाल्यावर मला अधिकार येईल. अधिकाराने मास्तरांना निर्दोष जाहीर करता येईल. हो म्हटलं. खरं म्हणजे मास्तरांसाठीच.

बायकोला बढतीचं सांगितलं. तिने विचारलं, तुझ्या मित्राला कळवलंस का?

गुरुवार, १३ मार्च
डेमोची जय्यत तयारी. दोन सराव फाइली बनवल्या, इतिहास छान रंगीत दिसावा म्हणून. दवाखान्याची ती फाइल डेमोत अजिबात घ्यायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

निवेदन आवृत्ती १९, ही शेवटची: 'गत महिन्यातील संदेशविषयक बाबीत विविध घटकांचा सहभाग असावा असे दिसून येते.' भाषेच्या दृष्टीने निर्दोष. कोणी दुखावत नाही. शुक्रवारी बढतीनंतर पाठवतो.

निघायची घाई होती. माझ्या सगळ्या ब्रँच एका कमांडमध्ये पुढे पाठवल्या. डेमोच्या लॅपटॉपवर फाइली आपोआप येतील. काम फत्ते.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी ४:१०, जिन्यात
मांडीवर वही ठेवून लिहितोय, अक्षर लागणार नाही.

मोठी स्क्रीन. नऊ माणसं. मास्तर पुढच्या रांगेत, वही उघडून, माझ्याकडून शिकायला. मी सराव फाइल उघडली. दोन बाण दाबले, संपली. टेस्टरबाई म्हणाल्या, ही फारच चिमुकली आहे, थोड्या दिवसांत खूप बदललेली एखादी घ्या. आणि स्वतःच कीबोर्डवर झुकून गेल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त बदललेल्या फाइलींची यादी काढली.

पहिली ओळ. निवेदन. एकोणीस बदल. खाली माझं नाव.

मॅडमनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, डॉक्युमेंटेशन. त्या खूश. म्हणाल्या, आपल्याकडे कोणी लिहितच नाही, उघडा, उघडा.

आवृत्ती १९ स्क्रीनवर आली. विविध घटकांचा सहभाग. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणालाही काही कळलं नाही. खरं सांगतो, तेव्हा मला माझ्या भाषेचा अभिमान वाटला. वाचलो होतो मी.

मॅडम म्हणाल्या, मागे जा ना.

दाबला बाण. काय करणार? सात बाणांपर्यंत धुकंच होतं. आवृत्ती ११ वर टेस्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. सहावीवर कोणीतरी खुर्ची सरकवली. तिसरीत एक्केचाळीस टक्के आले. लिहिताना मी जे जे झाकलं होतं ते एकेका बाणाला माझ्याच हाताने उघडं पडत होतं. थांबता आलं असतं. वायर निघाली म्हणता आलं असतं. का थांबलो नाही, माहीत नाही. मला वाटतं मी दमलो होतो.

आवृत्ती १. तीन वाक्यं. केवढी मोठी दिसत होती.

मास्तर उठले, स्क्रीनजवळ गेले, चष्मा डोळ्यांवर आणला. त्यांनी मला एकच विचारलं. म्हणजे गुरुवारी एक वाजता मी जेवतच होतो ना?

मी म्हटलं, हो.

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की मीसुद्धा हसलो. ते वळून सगळ्यांना म्हणाले, अठ्ठावन्न बरोबर होतं. कोणाला काही समजलं नाही, मला समजलं. मग त्यांनी परत स्क्रीनकडे बघितलं. वाक्यांकडे नाही, त्यांच्या डोक्यावरच्या तारखेकडे. ५ मार्च, ११:२०. बराच वेळ बघितलं. हळूच म्हणाले, डॉक्टरकडे मी अकरा तारखेला गेलो होतो.

मी सांगणारच होतो, असं म्हणालो. त्यांनी वही मिटली आणि घरी फोन करायला बाहेर गेले.

रविवार, १६ मार्च
बायकोला सांगितलं की तो मित्र मीच. ती म्हणाली, हो का.

धुतलेली पातेली परत धुवायला घेतली. मग म्हणाली, मास्तरांच्या बायकोचा विचार आला रे मनात. मला रडू आलं. खरं लिहायचा ठराव आहे.

सोमवार, १७ मार्च
८:५० ला ऑफिसात. पहिल्यांदाच.

मास्तर टीमलीड. माझे बदल ते तपासणार. कोणी टोमणे मारत नाही, टेस्टरबाईसुद्धा नाहीत, हे जास्त वाईट.

माफी मागितली. कागद नाही, मसुदा नाही, उभं राहून. मास्तर म्हणाले, अरे, झालं ते झालं. माझा चहा आणलास तसा आज मी आणतो. आणलासुद्धा. जुन्यासारखेच बोलत होते, क्रिकेट, मुलीने किल्ली परत दिली ते. मला वाटलं, चला, सुटलो. मोठ्या मनाचा माणूस.

सव्वाअकराला पाणी प्यायला उठले. दोन पावलं गेले, थांबले, परत आले. माझ्याकडे न बघता वाकून आपली स्क्रीन लॉक केली आणि मग गेले.