तोंडात टाचण्या

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दुकान उघडण्याआधी

चि. प्राध्यापकबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं धडधाकट आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो गप्प बसला तर मलाच चुकल्यासारखं होईल. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मधे बोलतेस आणि मी 'बरं बाई, तुझंच खरं' म्हणून मोकळा होतो. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही. कुरिअरवाला उद्या पोचवतो म्हणालाय.

वरची खोली रंगवून झाली. रंग तुझ्या आईने निवडला, मी नापसंत केला, म्हणून तोच लागला. टेबल खिडकीपाशी बरोबर बसलं. त्याच्यावरच हे लिहितोय. समोर आरोग्य मंडळाची इमारत दिसते. नोकरी सुरू झाली की तुला फक्त रस्ता ओलांडायचा. पोरगी परत घरी राहणार, हे तुझ्या आईने भाजीवालीपर्यंत पोचवलं आहे.

धंदा जोरात आहे. समोर मंडळाची बैठक भरली आहे ना. जगभरचे साहेब सकाळी साथीच्या रोगांवर बोलतात आणि दुपारी कंबर सैल करून घ्यायला माझ्याकडे येतात.

मागच्या खेपेस काउंटरवर बसून, पाय हलवत, तू मला तुझ्या येणाऱ्या पुस्तकातलं संशोधन समजावत होतीस. साथ आली की लस आधी कुठल्या देशाला, हे सभेत ठरत नाही, सभेआधी बंद खोलीत ठरतं. मी विचारलं, "मग कोणी ओरडत नाही?" तू म्हणालीस, "ओरडतात ना बाबा. पण त्यांना दाबत नाहीत, खुर्ची देतात. कुठल्यातरी समितीवर घेतात, की आवाज आपोआप बंद." मी म्हटलं, "एवढं कळायला एवढी पुस्तकं वाचलीस? आमच्या शिंपी संघात या, फुकट दाखवतो." केवढी हसली होतीस.

पडद्याचं कापडही आणलं. अस्तर लावावं की नाही, यावर घरात दोन पक्ष आहेत.

बरं. किती वेळ नुसता कच्चा धावदोरा घालत बसू?

गेल्या बुधवारी समोरचे दोन साहेब आले. एकाच्या कोटाच्या बाह्या आखूड करायच्या होत्या. मी तोंडात टाचण्या धरून त्याच्या मनगटाशी वाकलो होतो. शिंप्याच्या तोंडात टाचण्या असल्या की लोकांना वाटतं, त्याच्या कानातही आहेत.

दुसरा म्हणाला, "त्या पुस्तकवाल्या बाईचं काय झालं?"

"घेतली आत. सल्लागार म्हणून. पुढच्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत सही येईल."

"आणि ते बंद खोलीचं प्रकरण?"

"करारात घातलंय. तीन वर्षं आपल्या परवानगीशिवाय काही छापायचं नाही. तोवर कोण वाचतंय! बाई खूश आहे. आईवडील इथेच कुठेतरी असतात म्हणे."

मग मला म्हणाला, "मास्तर, बाही जरा सैल ठेवा."

मी सैल ठेवली.

बुधवारपासून हे पोटात घेऊन फिरतोय. परवा एका गिऱ्हाइकाच्या पँटला उलटी चेन लावली. रोज मनाला सांगतो, ऐकण्यात चूक झाली असेल. पण दोन खोल्या पलीकडे तू चोरून चॉकलेटचा कागद सोडलास तरी मला ऐकू यायचं. चूक झाली नव्हती. मला ती व्हायला हवी होती. तू या खोलीत राहावंस, सकाळी जिन्यावर तुझी धडधड ऐकू यावी, एवढ्यासाठी.

कॉलेजातली तुझी नेमणूक उन्हाळ्यात संपते, हे मी विसरलेलो नाही. नाही म्हणालीस तर पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या बेटावरची डॉक्टरीण, जिने दार लावून तुला सगळं सांगितलं आणि वर "माझं नाव छापा" म्हणाली, ती पुस्तकाची वाट पाहत असेल.

घे किंवा सोड, असं मी म्हणणार नाही. माप देणं माझं काम, कात्री तुझ्या हातात. फक्त सही करण्याआधी एक कर. ते कलम काढा, म्हणून सांगून बघ. काढलं, तर माझे कान खोटे आणि मी आनंदाने बहिरा व्हायला तयार आहे. नाही काढलं, तर तुझ्याच संशोधनातलं शेवटचं उदाहरण तुला घरबसल्या मिळालं.

तुझ्या आईला अजून काही बोललो नाही. ती खाली मशीनवर पडदे शिवतेय. आत्ताच जिन्यातून ओरडली, "अहो, लांबी किती ठेवू?"

मी म्हटलं, "खाली दुमड भरपूर ठेव. म्हणजे खिडकी कुठलीही असली तरी चालतील."

मशीन थांबलं. तिचेही कान काही कमी नाहीत.

आता पुन्हा सुरू झालंय. दुमड मोठी घालतेय, आवाजावरून कळतं.

टाचण्या तोंडातून काढून ठेवलेले,
तुझे बाबा