पावलाचं माप

बाईसाहेबांना त्यांच्या मिस्त्रीचा सलाम!

मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. लिफ्टची मोटर अजून पोचली नाही, म्हणून आज सगळ्यांना सुट्टी. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हाताला काम नाही. खोली झाडली, शर्टाचं बटण लावलं (गाठ वरच राहिली, हसू नकोस), तरी दहाच वाजलेले.

मग पाय नेतील तिकडे गेलो. एका गल्लीत एक आजोबा मापाच्या चपला शिवत बसले होते. म्हटलं, बायकोसाठी एक मऊ जोड करा. त्यांनी माप विचारलं. तीस मजल्यांची मापं मला तोंडपाठ, तुझ्या पायाचं ठाऊक नाही.

"लग्नाला किती वर्षं झाली?" आजोबांनी विचारलं.

"बावीस."

"मग जरा लाज वाटू द्या."

तर सोबत दोन कोरे कागद आहेत. एकेकावर एकेक पाऊल ठेव आणि धाकटीला भोवतीनं पेन्सिल फिरवायला सांग. तू वाकू नकोस. तिची परीक्षा कशी गेली, तेही कागदाच्या कोपऱ्यात लिहू दे.

माप संध्याकाळीच घ्यायचं, असं आजोबांनी बजावलंय. दिवसभर उभं राहून पाय सुजतो, ती सूज मापात धरावी लागते.

पायाचं प्लास्टर काढल्यापासून फोनवर तुझं एकच, "पाय ठणठणीत आहे." बरं. आता डाव्या पायाची रेघ काय सांगते ते बघतो.

तुझाच,
बिनकामाचा मिस्त्री