वाशीमच्या पावसाची सरासरी

१५ जून १९७५, रविवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. पाचला उठायचे ठरवले होते, सहाला उठलो. पहिल्या दिवसाला एक तासाची चूक चालते.
विद्यापीठाचे पत्र आले. कॉम्प्युटर सायन्सच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला ॲडमिशन. बी.एस्सी. थर्ड क्लास असूनही घेतले, म्हणजे मार्कांपलीकडचे काहीतरी त्यांना दिसले असणार. शिक्षण बहुतेक पोस्टाने. मी वाशीमला कागदावर प्रोग्राम लिहायचा, तो नागपूरला जाणार, तिथे त्याची भोके पाडलेली कार्डे होणार, मशीन ती कार्डे वाचणार आणि उत्तर पोस्टाने मला.
योजना: ७६ डिप्लोमा. ७७ मुंबई. ७९ अमेरिका. ८१ ला परत येऊन अकोला जिल्ह्यात कॉम्प्युटर आणणे. एक पुरेल.

१८ जून.
गावाहून, म्हणजे किन्हीराजाहून, बाबा आले. ज्वारी आणली. विचारले, मशीन कोठं हाय? म्हटले, नागपुरात. "मंग तू वाशिमात काय करून राह्यला?"
समजावण्यात अर्थ नव्हता.

४ जुलै.
घरात एक अडचण. पंचफुलाला डी.एड.ला नंबर लागल्याचे पत्र आले. इथेच, वाशीमला. पंधरा तारखेच्या आत हजर व्हायचे. माझी बायको मॅट्रिकला गावात पहिली आली होती हे मी विसरलेलो नाही, पण प्रोग्रामरच्या बायकोने झेडपीच्या शाळेत बाराखडी शिकवायची म्हणजे काय? मुंबई ७७ वरून अलीकडे ओढली आहे, दिवाळीनंतर आपण तिथे असू, हे तिला शांतपणे सांगितले.
ती म्हणाली, "बाबासायबांनं शिका म्हनलं, ते फकस्त मानसाईले म्हनलं काय?"
याचे चोख उत्तर सुचले, तेव्हा ती पाणी भरायला गेली होती.

५ जुलै.
तिच्या वतीने नकाराचे पत्र मीच लिहून दिले. "माझ्या पतींची लवकरच मुंबई येथे कॉम्प्युटर क्षेत्रात नेमणूक होत असल्याने सदर जागेची मला आवश्यकता नाही." मसुदा उत्तम. टपालात टाकायला तिच्याकडेच दिले, म्हणजे निर्णय तिचा राहतो.

२१ जुलै.
रुटीन ठरले. दहा ते पाच नगर वाचनालय. तिथे पंखा आहे. आज फोरट्रान या मशीनच्या भाषेची आठ पाने वाचली. पैकी तीन समजली, म्हणजे सुरुवातीच्या मानाने जास्तच.

१० ऑगस्ट.
नागपूरला लेक्चर आणि प्रत्यक्ष मशीन-दर्शन. एस.टी. चुकली. आणीबाणीमुळे हल्ली गाड्या वेळेवर सुटतात. दुसरीने गेलो.
मशीन काचेच्या खोलीत. आत इतका गारठा की मला हुडहुडी भरली. चपला बाहेर काढायला लावल्या, ते योग्यच. माझे हात आपोआप जोडले गेले. सर म्हणाले, हात लावू नका. मी लावणारही नव्हतो. चार मिनिटे पाहिले. आता मला त्याची पूर्ण कल्पना आली आहे.

१७ ऑगस्ट.
प्रोजेक्टचा विषय मंजूर: वाशीमच्या दहा वर्षांच्या पावसाची सरासरी. तहसील कचेरीतून आकडे उतरवून आणले. महिन्याला एक कार्ड, दहा वर्षांची एकशे वीस. वरून प्रोग्रामची सेहेचाळीस. एकूण एकशे सहासष्ट.
बाबांना सांगितले. म्हणाले, "सरासरी काढून काय करतं बे? पाऊस काई सरासरीनं पडत नाही."
शेतकऱ्याला स्टॅटिस्टिक्स कळायला अजून एक पिढी लागेल.

९ सप्टेंबर.
पहिला निकाल पोस्टाने आला. सेहेचाळीस ओळींत त्रेसष्ट चुका. सर लिहितात, असे आजवर झाले नव्हते. विक्रमाने सुरुवात झाली.

२२ सप्टेंबर.
पंचफुला अलीकडे विचित्र वागते. भाकरी थापताना पुटपुटते: "मुलांनो, सांगा पाहू." आपल्याला अजून मूलबाळ नाही. पुठ्ठ्याचे घड्याळ करून भिंतीला लावले आहे, काटे हाताने फिरतात. काल तिच्या उशीखाली बालमानसशास्त्राचे पुस्तक दिसले. मी ओळखले. आई होण्याची तयारी. दिवसभर एकटी असते बिचारी. मुंबईला गेल्यावर रेडिओ घेऊन देणे.

३ ऑक्टोबर.
पंचफुलाच्या बोटांना खडूची पांढरी पूड. विचारले तर म्हणाली, रांगोळी. गुणी बाई आहे.

१४ ऑक्टोबर.
कॉलेजचा मित्र फुलचंद भेटला. कापूस खरेदी केंद्रावर लागला आहे. हंगामासाठी कारकून पाहिजेत, येतं काय, म्हणे. कापसाच्या गाड्यांचे नंबर लिहायचे! मी हसलो. तोही हसला, पण त्याला कशाचे हसू आले ते कळले नाही.

५ नोव्हेंबर.
दिवाळी झाली. मुंबई पुढच्या दिवाळीपर्यंत. योजनेत बदल नाही, फक्त तारखेत.
चुका त्रेसष्टवरून एकेचाळीस.

११ डिसेंबर. दुपारी २.
अत्यंत गंभीर दिवस. वाचनालय रंगकामासाठी बंद, म्हणून घरी आलो. घराला कुलूप. शेजारच्या बेबीताई पापड वाळत घालत होत्या. विचारले, पंचफुला कुठे? म्हणाल्या, "कालेजात गेली न! जुलैपासून जाते. तुमाले मालूम नाही?"
मला माहीत होते, असे सांगितले.

११ डिसेंबर. रात्री.
ती पाच वाजता आली. हातात पुठ्ठे, तक्ते. मी आवाज चढवला. तिने चढवला नाही. म्हणाली, ते पत्र टाकलंच नाही, पेटीत ठेवलं हाय, पायजे त पाहा. "तुमी दहाले जाता अन् पाचले येता. मीबी दहाले जातो अन् पाचले येतो. तुमचं काई अडलं काय?"
बाबांना माहीत आहे. बेबीताईंना माहीत. दूधवाल्याला माहीत. पाच महिने अख्ख्या आळीला माहीत होते. मला वाईट वाटले. फार वाईट वाटले.
तरी मनातून मी परवानगी दिलेलीच होती. उद्या तसे सांगून टाकणे.

१२ डिसेंबर.
सांगितले. ती बरं म्हणाली आणि डबा भरायला लागली.

४ जानेवारी १९७६.
नागपूरला जाऊन आलो. चुका फक्त सहा! सरांनी दुरुस्त करून नवी कार्डे करून दिली. अठ्ठावीस जानेवारीला सकाळी दहा वाजता मशीन माझ्यासाठी पाच मिनिटे मोकळे. शेवटची संधी, नंतर नाव कमी. एकशे सहासष्ट कार्डे बिस्किटाच्या डब्यात घालून घरी आणली. सर म्हणाले, क्रम बिघडला तर सगळे गेले, म्हणून प्रत्येकावर पेन्सिलने नंबर घाला. घातले. निळ्या पेन्सिलीने, मोठे, सुंदर.
पंचफुला तो डबा पाहून म्हणाली, पास झालात त मी नाही म्हननार नाही, येतो मुंबईले, डी.एड.चं सर्टिफिकेट घेऊन. पास व्हायलाच हवे. तिच्यासमोर तरी.

२० जानेवारी.
बाबांची कापसाची गाडी खरेदी केंद्राबाहेर रांगेत. दोन दिवस झाले. बाबांना ताप भरला, म्हणून त्यांना घरी निजवून गाडीवर मी बसलो. अभ्यास व्हावा म्हणून कार्डांचा डबा सोबत घेतला.
रांग म्हणजे गोंधळ. गाड्या पोस्ट ऑफिसच्या पुढपर्यंत. बैल सोडून लोक चहाला जातात, परत येतात तर पुढे दुसऱ्याची गाडी घुसलेली. मग शिव्या. ही पद्धतच चुकीची आहे. इथे सिस्टीम नाही.

२१ जानेवारी. सकाळी.
कल्पना सुचली. वाशीम तालुक्यातले पहिले कॉम्प्युटरायझेशन! प्रत्येक गाडीला एक नंबरी कार्ड, कार्ड दाखवेल तो आत, फाटकावर मी कार्ड परत घेणार. सगळ्यांना पटले. फुलचंदलाही. प्रोग्रामची सेहेचाळीस मी अर्थातच दिली नाहीत, मूर्ख नाही. फक्त पावसाची दिली. सत्तेचाळीसपासून पुढे.

२१ जानेवारी. दुपारी.
पहिल्या गाडीवर पोहरादेवीकडचे सेवालाल नावाचे गृहस्थ, मिशा मोठ्या. कार्ड पाहून त्यांनी विचारले, "माह्या मोहरं सेहेचाळीस कोन हायेत?"
म्हटले, कोणी नाही.
"मंग मले सत्तेचाळीस कायले?"
प्रोग्राम आणि डेटा यांतला फरक मी समजावून सांगितला. त्यातून लोकांनी एवढाच अर्थ घेतला की व्यापाऱ्यांच्या सेहेचाळीस गाड्या मागच्या दाराने आत गेल्या आहेत. अर्ध्या तासात फाटक हलवायला सुरुवात झाली. केंद्राचे साहेब आत, खोलीला कडी. फुलचंद माझी कॉलर धरून म्हणाला, इंद्रभान, आता त्या सेहेचाळीसाईले पैदा कर.
डब्यातली उरलेली कार्डे काढली आणि एक ते सेहेचाळीस पहिल्या सेहेचाळीस गाड्यांना वाटली. त्यांच्या हातातली आधीची मागच्यांना, मागच्यांची त्यांच्या मागच्यांना, असे शेवटपर्यंत सरकवले. लगेच शांतता. सेवालाल यांना एक नंबर मिळाला, त्यांनी तो फेट्यात खोचला.
सिस्टीम शेवटी चालली, याची नोंद असावी.

२२ जानेवारी.
बाबांचा कापूस मोजला गेला. बाबा खूश. ताप उतरला.
कार्डे परत द्यायला कोणी तयार नाही. "नंबर वापस देला त चुकारा कोन देईन?" केंद्राच्या साध्या चिठ्ठीपेक्षा त्यांना माझ्या कार्डाचा भरवसा जास्त, कारण त्याला भोके आहेत. भोके म्हणजे सरकारी. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हाती पडेपर्यंत कार्ड सोडायचे नाही, असे एकमेकांना बजावून लोक गावोगाव निघून गेले.
एकशे सहासष्ट कार्डे. डब्यात शून्य.

२३ ते २६ जानेवारी.
सायकल. शिरपूर, मालेगाव, किन्हीराजा, अनसिंग. कार्ड क्रमांक ९ देव्हाऱ्यात, हळदकुंकू वाहिलेले. ३१ ची घडी घालून कंदिलाच्या काचेखाली. ११८ ला एका म्हाताऱ्याने दोरा ओवून बैलाच्या गळ्यात बांधले होते, नजर लागू नये म्हणून. सेवालाल घरी होते. चहा पाजला, जेवू घातले, कार्ड दिले नाही.
प्रजासत्ताक दिनाला, डी.एड.वाल्यांना सरावासाठी दिलेल्या शाळेसमोरून आलो. पंचफुला पोरांना ओळीत उभे करत होती. ऐंशी पोरे, एकही जागचे हलत नव्हते. मी झाडामागे थांबून पाहिले. तिच्याकडे कार्डे नव्हती.
एकूण मिळाली सत्तावन्न.

२८ जानेवारी. नागपूर.
सत्तावन्न कार्डे घेऊन गेलो. जितकी आहेत तितक्यांची सरासरी काढावी, असा माझा प्रस्ताव होता. सरांनी सर्वांत वरचे कार्ड नाकाशी नेले. शेणाचा वास होता. ते माझ्या हातात परत ठेवले. मग म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा नाव घाला. चपला बाहेर काढल्या होत्या त्या घातल्या आणि निघालो.
परतीची गाडी किन्हीराजाला थांबली. उतरलो नाही.

२९ जानेवारी.
पंचफुलाने काही विचारले नाही. ताटात वांग्याची भाजी जास्त वाढली. विचारले असते तर बरे झाले असते.

९ फेब्रुवारी.
फुलचंद घरी आला. म्हणे, केंद्रावर साध्या चिठ्ठ्या कोणी घेत नाही. लोक म्हणतात, भोकाचं कार्ड द्या, त्या नंबरवाल्याले बलवा. साहेबांनी बोलावले आहे. हंगाम संपेपर्यंत.
विचार करतो म्हणालो. पंचफुला आतून म्हणाली, येतात म्हना उद्या.

१६ फेब्रुवारी.
आठवडा झाला. पुठ्ठा कापतो, नंबर घालतो, ऑफिसच्या पंच मशीनने प्रत्येक कार्डाला चार भोके पाडतो. कुठेही. रांगेत भांडण नाही. अनुभव म्हणून उपयोगी पडेल, डिप्लोमाला पुन्हा नाव घालायचेच आहे. जूनमध्ये.

२ मार्च. संध्याकाळी.
पंचफुलाच्या परीक्षेचा फॉर्म. उद्या शेवटची तारीख. सगळा भरून झाला होता, एक चौकोन रिकामा ठेवला होता: पतीचा व्यवसाय. म्हणाली, "तुमीच लिवा. मी लिवलं त तुमाले वाटन, मुद्दाम लिवलं."
पेन घेतला. तिने कंदील जवळ सरकवला. मी 'कॉम्प्युटर प्रोग्रामर' मनात मोजून पाहिले. चौकोन लहान होता, मावत नव्हते.
'हंगामी कारकून' बरोबर बसले.