पाचशे मीटरवर गोळी वीतभर खाली का गेली

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
जिल्हा पोलीस कार्यालय.

विषय : धरणावरील गोळीबाराची चौकशी पुन्हा उघडणेबाबत.
संदर्भ : ‘नेमबाजाची चूक, प्रकरण बंद’ असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार ही धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या मयत कर्मचाऱ्याची पत्नी असून पाणीपुरवठा कार्यालयात टंकलेखक आहे.

१. कामावरून काढलेल्या एका इसमाने बंदूक घेऊन अर्जदाराच्या पतीस दरवाजाघरात ओलीस धरले. पतीस गुडघ्यांवर बसवून तो मागे उभा राहिला. मध्ये पाणी असल्याने आपल्या नेमबाजाने समोरच्या काठावरून, पाचशे मीटरवरून, त्या इसमाच्या छातीवर नेम धरला. गोळी वीतभर खाली गेली आणि पतीच्या डोक्यात लागली. आवाज ऐकून तो इसम हात वर करून बाहेर आला. तो जिवंत आहे.

२. चूक ठरवून आपण बडतर्फ केल्यानंतर सदर नेमबाज एका रविवारी अर्जदाराच्या घरी आले. सासूबाईंनी दार लावून घेतले व आतून ओरडल्या, “माझ्या लेकाचा जीव घेतलास, आता काय बघायला आलास?” ते पायरीवर बसून राहिले. पुढच्या रविवारीही बसले. त्यापुढच्या खेपेस सासूबाईंनीच दार उघडून विचारले, “हात हलला का रे तुझा?” ते म्हणाले, “नाही, आई. हलला असता तर बरं झालं असतं. निदान चूक माझी तरी असती.”

३. त्यांच्याकडून अर्जदारास समजले ते असे. गोळीला हवा किती अडवते याचा आकडा गोळीच्या आकाराच्या तक्त्यावरून ठरतो. आखूड, सपाट बुडाच्या गोळीचा तक्ता वेगळा. लांब, निमुळत्या गोळीचा वेगळा. गोळ्यांच्या नव्या पेटीवर छापलेला आकडा पहिल्या तक्त्याचा होता. आपल्या तांत्रिक शाखेने तो नेम सांगणाऱ्या गणकयंत्रात दुसऱ्या तक्त्याखाली भरला. यंत्र समजले, हवा कमी अडवणार. म्हणून त्याने नळी पुरेशी उचलू दिली नाही. सरावाच्या शंभर मीटरवर हा फरक दिसतच नाही. लांबून चाचणी घेऊ द्या, असे नेमबाजांनी दोनदा विनवले होते. “गोळ्या फुकट येत नाहीत,” असे उत्तर मिळाले.

४. हे सांगण्यास अर्जदार आपल्या कार्यालयात आली असता तेथील लिपिक सर्वांदेखत म्हणाले, “बाई, नवऱ्याला मारणाऱ्याची वकिली करता?” अर्जदार खाली मान घालून परतली. घरी येऊन हा अर्ज टंकलिखित केला.

५. तरी विनंती की, त्याच रायफलीतून, त्याच पेटीतील गोळी, त्याच काठावरून झाडून पाहावी. वीत मोजण्यास अर्जदार हजर राहील. निशाण्याची फळी मिळत नसल्यास फळीच्या जागी उभी राहील.

६. ते यंत्र तसेच्या तसे दुसऱ्या नेमबाजाच्या हाती दिले आहे. पुन्हा कोणाला तरी कोणासमोर गुडघ्यांवर बसवले जाईल. कृपया त्याआधी आकडा दुरुस्त करावा.

७. गेले दोन रविवार नेमबाज आलेले नाहीत. त्यांची पत्नी सांगते की ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात, जेवत नाहीत. सासूबाई संध्याकाळी पायरीवर जाऊन बसतात व विचारतात, “आला का गं तो?” आपले उत्तर अर्जदारास उशिरा मिळाले तरी तक्रार नाही. नेमबाजांना मात्र आजच कळवावे.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार
(सही)
मयत कर्मचाऱ्याची पत्नी

दिनांक : १४ मार्च