अप्पांच्या गाडीचा पंप

३ फेब्रुवारी

गाडीने परत मान टाकली! शर्यतीच्या टेकडीवर, शेवटच्या चढाला, अगदी ऐन मोक्यावर. खाली सगळं झकास, आवाज तर असा की छातीत घुमतो. आणि वर जाऊन रेस पूर्ण दाबली की खोकते, गुदमरते, मग नुसती रांगते. अप्पा उतरले ते हसतच. "तहान लागलीय तिला."

सासूबाई गेल्यापासून माझ्या सासऱ्यांना ही गाडी म्हणजे दुसरी सूनच.

म्हणणं मात्र बरोबर आहे. मोठा कार्बोरेटर बसवला, हेड घासून घेतलं, नवा कॅम टाकला — सगळं मीच, चष्म्याचं दुकान बंद करून आल्यावर संध्याकाळी. पेट्रोलचा पंप मात्र तोच, साध्या इंजिनासाठी दिलेला. जेवणारी तोंडं वाढवली आणि वाढणारा एकटाच!

५ फेब्रुवारी

नवरा बटाटे सोलता सोलता म्हणाला, "इलेक्ट्रिक पंप लाव आणि मोकळी हो."

अप्पांना विचारलं तर कडू औषध प्यायल्यासारखं तोंड. "तो मागे टाकीपाशी किरकिरत बसतो. मला इंजिन ऐकू येत नाही." अप्पा काट्याकडे बघून गिअर टाकतच नाहीत, कानाने टाकतात. उभा जन्म बस चालवली तीही तशीच. आणि खरं सांगायचं तर मलाही इंजिनातल्या कॅमच्या ठोक्यावर चालणारा पंपच आवडतो. इंजिन फिरतंय तोवर पेट्रोल, इंजिन थांबलं की बंद. वायर नाही, फ्यूज नाही. ठरलं — मेकॅनिकलच.

घाई करायला हवी. पुढच्या वर्षी अप्पा वयाच्या नियमात बसत नाहीत. बावीस तारखेची शर्यत ही त्यांची शेवटची.

८ फेब्रुवारी

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, अप्पा आणि मी. काउंटरवर नेहमीच्या बाई. नवरा गेल्यापासून दुकान त्याच बघतात. चष्मा डोक्यावर आणि शोध चाललेला ड्रॉवरमध्ये. (चष्मा माझ्याच दुकानातला!)

दोन पंप समोर ठेवले. म्हणाल्या, "प्रेशरवर भुलू नका हं. पेट्रोल किती पुरवतो ते बघा."

मी ऐकून घेतलं आणि जास्त प्रेशरचाच उचलला. मोठा, चकचकीत! अप्पा मधे पडले, "अगं, बाई म्हणतायत ते—"

"अप्पा, इंजिन कोणी बांधलंय?"

अप्पांनी पाकीट काढलं.

९ फेब्रुवारी

तोंडावर आपटले. इंजिन चालू केलं आणि कार्बोरेटर भरून वाहायलाच लागला. आत पेट्रोल अडवणारी सुई त्या दाबाला थोपवणार कशी? प्लग काळे ठिक्कर. वास घरभर. शेजारीण खिडकीतून ओरडली, "गॅस गळतोय का हो तुमचा?" झटकन बंद केलं.

अप्पा फडकं घेऊन सांडलेलं पेट्रोल पुसायला लागले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रुवारी

पंप बदलून आणायला अप्पा स्वतः निघाले. "तू कशाला? मी जातो ना." अंगात इस्त्रीचा शर्ट! सकाळी गेले ते जेवायच्या वेळेला उगवले. बाईंनी कुरकुर न करता बदलून दिला म्हणे. आता त्यांच्या पसंतीचा आहे — दाब बेताचा, पण आत-बाहेरची तोंडं चांगली रुंद.

११ फेब्रुवारी

बसवला. पंपाची दांडी कॅमवर नीट टेकतेय ना, ते इंजिन हाताने फिरवून पाहिलं. टेकतेय. गळत नाही, वाहत नाही. बाईंचं ऐकलं असतं तर दोन दिवस वाचले असते!

१४ फेब्रुवारी

टेकडीवर चाचणी. पूर्वीपेक्षा खूप बरी. पण शेवटच्या चढावर पेट्रोलच्या प्रेशरचा काटा हळूहळू खाली, आणि परत तेच खोकणं.

पंप बरोबर, मग चुकतंय काय? घरी येऊन गाडीखाली आडवी झाले. टाकीपासून पंपापर्यंत नळीवर बोट फिरवत आले — आणि सापडलं! मूळचीच बारीक नळी, वर एका वळणावर चेपलेली. पंपाने ओढायचं म्हटलं तरी येणार कुठून? बोरूच्या नळीने हत्तीला पाणी पाजत होतो आम्ही!

अप्पा म्हणाले, "किती रुंद लागेल ते बाईंना विचारून येतो." अहो, फोन होता की हातात! पण गेले.

१५ फेब्रुवारी

नवी रुंद नळी टाकली. नखं काळी, जीव खूश.

२२ फेब्रुवारी

शर्यत! प्रेशरचा काटा खाली आला नाही, अप्पांनीच नंतर सांगितलं. शेवटच्या चढावर आवाज चढत गेला, चढत गेला, आणि तुटला नाही. मला खाली ऐकू येत होता. डोळे मिटून ऐकला.

अप्पा दुसरे आले! पहिला आला तो त्यांच्या निम्म्या वयाचा. उतरल्यावर अप्पांनी बॉनेटवर थाप मारली, मग माझ्या पाठीवर. दोन्ही सारख्याच जोराने.

पार्टच्या दुकानातल्या बाई चक्क दुकान बंद ठेवून आल्या होत्या. ओरडून ओरडून घसा बसला त्यांचा. मी नवऱ्याला म्हटलं, "बाईंना गाड्यांची भलतीच आवड दिसतेय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आणि तू लोकांना चष्मे विकतेस!"

२४ फेब्रुवारी

अप्पा शेडमध्ये आले. स्टूल ओढून बसले, परत उठले. "पोरी, आम्ही दोघं लग्न करायचं म्हणतोय. त्यांच्या दुकानावरच्या खोल्यांत राहायला जाईन. तुझी काही हरकत नाही ना?" मुलाच्या आधी मला विचारलं!

"हरकत कसली, अप्पा!" म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. ते गेल्यावर मात्र स्वच्छ असलेले पान्हे परत एकेक काढून पुसत बसले.